वडिलांच्या वहीत 'स्टारफायटर' आहे, वर्णन मात्र दुसऱ्याच विमानाचं. छापताना नाव बदलावं का?

पाथर्डीफाटा_७४
वडील आर्टिलरीत होते, एअर डिफेन्सच्या तोफेवर. डिसेंबर १९७१च्या युद्धात पाकिस्तानातल्या शकरगढ भागात एका पुलाच्या राखणीला त्यांची ४० मिमी बोफोर्स लावलेली होती. पुढे देवळालीला बदली झाली, तिथूनच पेन्शनीत निघाले आणि आम्ही नाशिककर झालो. आता ते नाहीत. त्यांची वही मी टाइप करतोय. नातवंडांसाठी आणि त्यांच्या उरलेल्या सोबत्यांसाठी पुस्तिका काढायची आहे.

एका पानावर अडलोय. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो:

"दुपारी दोन स्टारफायटर आले. पंख मागे वळलेले. तोंड समोरून उघडं, पाइपासारखं. डोक्यावरून गेले तेव्हा मागे दोन लाल भोकं शेजारी शेजारी दिसली. तीन क्लिपा सोडल्या, बारा राउंड. लागलं नाही."

स्टारफायटर म्हणजे एफ-१०४. त्याचे पंख आखूड आणि जवळजवळ सरळ, हवा घ्यायची तोंडं दोन्ही कुशींना, इंजिन एकच. वहीतली एकही खूण जुळत नाही. माझ्या मते ते एफ-६ होतं, म्हणजे मिग-१९ची चिनी आवृत्ती. पाकिस्तानकडे तेव्हा ती होती.

माझं म्हणणं, पुस्तिकेत 'एफ-६' छापावं. चुकीचं नाव एकदा छापलं की ते पुढे चालतच राहतं. १९४० मध्ये ब्रिटिश वैमानिक 'हाइनकेल ११३'शी लढल्याचे रिपोर्ट देत होते. तसं लढाऊ विमान जर्मन हवाई दलात नव्हतंच. हाइनकेल १०० या जातीची डझनभर विमानं वेगवेगळी चिन्हं रंगवून पुन्हा पुन्हा फोटोत दाखवली होती, तो प्रचार होता. वैमानिकांना भेटत होती ती मेसरश्मिट १०९. माणसं खोटं बोलत नव्हती. जे नाव कानावर पडलं होतं, तेच डोळ्यांना दिसलं.

गोदाकाठ
दादा, हात लावू नका. वही त्यांची आहे. तोफेवर उभा राहिलेल्या माणसाला त्या क्षणी काय वाटलं, तेच तिचं मोल. ६५ पासून आपल्या जवानांमध्ये स्टारफायटरचा दरारा होता. ते नाव लिहिलं यातच त्या दुपारची भीती आहे. तुम्ही 'एफ-६' केलंत की ती पुसली जाईल. तुम्ही तिथे नव्हता.

ओझर_निवृत्त
मी १९८१ला ओझरच्या विमान कारखान्यात लागलो, मिग-२१ बिसचं काम जोरात होतं तेव्हा. विमानाचं नाक आणि शेपूट रोज हाताखालून जायचं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नाकात तोंड असलेली विमानं त्या आकाशात पाच होती. आपलं मिग-२१, आपलं सुखोई-७, आपलं फ्रेंच बनावटीचं मिस्टेअर, त्यांचं साबर, त्यांचं एफ-६. मिग-२१ आणि सुखोईच्या तोंडात मधोमध शंकू असतो. शंकू असता तर वडिलांनी 'पाइपासारखं' लिहिलं नसतं. साबरच्या तोंडाचा वरचा ओठ पुढे आलेला, पोट फुगीर. एफ-६चं तोंड मात्र खरंच कापलेल्या पाइपासारखं गोल, आत उभा पडदा.

पण खरी खूण मागची आहे. साबरला आणि मिस्टेअरला एकच इंजिन, आफ्टरबर्नर (शेपटीत जादा इंधन जाळून जोर देणारी सोय) नाही, लाल काही दिसायचं नाही. एफ-६ला दोन इंजिनं एकमेकांना चिकटून, दोन्हींना आफ्टरबर्नर. 'दोन लाल भोकं शेजारी शेजारी' हे कुणी ऐकीव लिहीत नाही. ते बघितल्याशिवाय लिहिता येत नाही. तुमच्या वडिलांनी नाव चुकवलं, पण विमान बरोब्बर पाहिलं.

आणि गोदाकाठ ताई, नाव चुकणं ही नुसती कागदावरची गोष्ट नसते. दुसऱ्या महायुद्धातल्या जायरो गनसाइटवर (नेम धरायच्या यंत्रावर) वैमानिकाला समोरच्या विमानाच्या पंखांची लांबी आधी लावावी लागायची, त्यावरून साइट अंतर धरायची. ओळख चुकली की अंतर चुकलं, गोळ्या वाया.

सातपूर_कॉलनी
काका, इंजिनांचं मान्य. पण निष्कर्ष घाईचा वाटतो. ही वही कधी लिहिली? त्याच रात्री, की देवळालीत वीस वर्षांनी? कमी उंचीवरून जाणारं जेट डोक्यावर दोन-तीन सेकंद असतं. मागून दोन विमानं एका रेषेत आली तरी दोन लाल ठिपके दिसतील. दादा 'एफ-६' छापणार म्हणजे तेही एका अंदाजावर दुसरा अंदाजच चढवणार.

पूर्व सीमेवरच्या बोयराच्या हवाई लढाईचं बघा. २२ नोव्हेंबर १९७१, आपल्या नॅट या छोट्या लढाऊ विमानांच्या वैमानिकांनी तीन साबर पाडल्याचं सांगितलं. दोन पडले, वैमानिक कैद झाले. तिसरं फुटकं विमान ढाक्याला पोचलं, हे त्यांच्या बाजूकडून कळलं. समोरच्या पक्षाची नोंद मिळेपर्यंत थांबायला हवं. त्या दिवशी त्या पुलावर कुठलं स्क्वाड्रन आलं, हे तुमच्याकडे आहे का?

पाथर्डीफाटा_७४
नाही. तारीखही वहीत नाही, फक्त 'थंडी फार' एवढंच आहे. पण शाई आणि कागद पहिल्या पानापासून एकच, आणि पुढच्याच पानावर १९७२च्या रजेचा हिशेब आहे. म्हणजे वीस वर्षांनी नाही लिहिलं.

समोरच्याची नोंद हवी हे पटतं. स्क्वाड्रन लीडर देवय्यांनी ७ सप्टेंबर १९६५ला पाकिस्तानच्या सरगोधा विमानतळावर मिस्टेअरमधून एफ-१०४ पाडलं, हे आपल्याला कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. ते स्वतः परतले नाहीत, सांगणार कोण? पलीकडच्या माहितीवरून कळलं आणि महावीर चक्र १९८८ साली मिळालं. पण माझ्या पुलाची अशी नोंद कधी मिळणार? तोवर नातवंडांनी चुकीचं वाचायचं?

गोदाकाठ
देवय्यांची गोष्ट माझ्याच बाजूची आहे. तिथे कुणी कुणाचे शब्द बदलले नाहीत. नवी माहिती आली, ती शेजारी ठेवली.

सिडको_आठवा_सेक्टर
२७ फेब्रुवारी २०१९ला काश्मीरमधल्या बडगामला आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं, सहा जवान आणि एक नागरिक गेले. इतकी यंत्रं असून. बोफोर्सवरच्या माणसाने नाव चुकवलं तर त्याला दुरुस्त करायला बसू नये, हात जोडावेत.

ओझर_निवृत्त
दुरुस्त म्हणजे अपमान नव्हे हो. त्यांच्या डोळ्यांवर माझा तुमच्यापेक्षा जास्त विश्वास आहे, म्हणून तर भांडतोय. नाव राहू द्या, पण खाली स्पष्ट लिहा की वर्णन एफ-६चं आहे आणि का आहे.

पाथर्डीफाटा_७४
काका, 'आहे' लिहू की 'जुळतं'?

सातपूर_कॉलनी
'जुळतं'.

ओझर_निवृत्त
'आहे'. रविवारी वही घेऊन ओझरला या. दोन विमानं मागेपुढे असती तर भोकं 'शेजारी शेजारी' लिहिली असती का, ते पान समोर ठेवून बोलू.

पाथर्डीफाटा_७४
येतो. त्या पानासाठी धाकट्या भावाने एफ-१०४चा रंगीत फोटो निवडला होता, तो आज काढून टाकला. 'स्टारफायटर' हा शब्द मात्र अजून तसाच आहे.