‘जंप फोर्स’वर समीक्षकांनी केलेली टीका कितपत रास्त होती?

प्रश्न — मुखपृष्ठ

मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, छापणाऱ्या ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकाला २०१८ साली ५० वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने साप्ताहिकातल्या निरनिराळ्या मालिकांचे नायक आणि खलनायक एकाच आखाड्यात उतरवणारा ‘जंप फोर्स’ हा गेम स्पाइक चुनसॉफ्टने तयार केला आणि बांदाई नामकोने तो फेब्रुवारी २०१९मध्ये प्रकाशित केला. मी तो अलीकडेच डिस्कवर पूर्ण खेळलो आणि त्यानंतर त्या वेळची परीक्षणे ओळीने वाचून काढली. परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावरची सरासरी शंभरपैकी साठीच्या आसपासच रेंगाळलेली आहे. वास्तवदर्शी करण्याच्या नादात बिघडलेले चेहरे, संपता न संपणारे लोडिंग, ताठर हालचालींचे कट-सीन (लढतींच्या मधले कथेचे प्रसंग) आणि पोकळ कथा हीच गाऱ्हाणी जवळजवळ प्रत्येक परीक्षणात आहेत. मात्र प्रत्यक्ष लढताना मजा येते, अशी कबुलीही त्यांपैकी अनेक परीक्षणांत दिलेली आढळते.

मला पडलेला प्रश्न असा की, लढतीच्या गेममध्ये लढतच जमली असेल, तर बाकीच्या उणिवांसाठी एवढे गुण कापणे योग्य ठरते का? त्याआधी जेमतेम वर्षभर, जानेवारी २०१८मध्ये, ‘ड्रॅगन बॉल’ या मालिकेवरचा लढतीचा गेम ‘ड्रॅगन बॉल फायटरझी’ आला होता आणि त्याचे सगळीकडे कौतुक झाले होते. त्याच्याशी नकळत तुलना होऊन ‘जंप फोर्स’वर अन्याय झाला असावा, असे मला राहून राहून वाटते. ज्यांनी दोन्ही गेम मन लावून खेळले आहेत त्यांचे मत वाचायला आवडेल.

प्रतिसाद — शाईची रेघ

लढत एकीकडे आणि दिसणे दुसरीकडे, अशी जी विभागणी तुम्ही गृहीत धरली आहे, ती मला मान्य नाही. निदान या प्रकारच्या गेममध्ये तरी ती टिकत नाही. या पात्रांना आपण आधी कागदावर भेटलेलो असतो आणि त्यांची ओळख त्यांच्या रेषेतच असते. ‘फिस्ट ऑफ द नॉर्थ स्टार’चा केनशिरो दाट छायारेषांनी कोरलेल्या स्नायूंचा आहे, तर ‘वन पीस’चा लुफी चार वळणदार रेघा आणि दोन गोल डोळे एवढ्यातच संपतो. ही दोन माणसे समोरासमोर आल्यावर दोन चित्रकारांचे हात समोरासमोर यावेत, ही माझी पहिली अपेक्षा असते.

‘जंप फोर्स’ने अनरिअल इंजिन ४ हे गेम बनवण्याचे सॉफ्टवेअर वापरून सगळ्यांवर एकाच जातीचा प्रकाश टाकला आणि सगळ्यांना एकाच जातीची कातडी चढवली. केनशिरो आणि ‘जोजो’चा जोतारो यातून बऱ्यापैकी निभावून जातात, कारण त्यांच्या मूळ चित्रांतच भरीव शरीर आहे. लुफीचे मात्र हाल होतात. त्याचे डोळे चित्रातल्यासारखेच गोल आणि मधोमध एक ठिपका असे ठेवले आहेत, पण भोवतालची त्वचा खऱ्या माणसासारखी चकाकते, आणि तो हसतो तेव्हा जबडा उघडतो व मिटतो, गाल मात्र जागचे हलत नाहीत. ‘ड्रॅगन बॉल’च्या गोकूचे केस पाहा. कागदावर ती काळ्या शाईची एकसंध टोकदार आकृती आहे. इथे तिचे जाड, तुकतुकीत झुबके झाले आहेत आणि प्रत्येक झुबक्यावर वेगळी चमक आहे. समीक्षकांनी ‘चेहरे विचित्र दिसतात’ एवढेच लिहून विषय संपवला, याचे मला वाईट वाटते, कारण इथे बिघडला होता तो पाया.

‘फायटरझी’शी तुलना एका बाबतीत खरोखरच अन्यायाची होती. तिथे एकाच चित्रकाराचे एकच जग होते, इथे सोळा मालिकांची आवळ्याची मोट बांधायची होती. परंतु ‘फायटरझी’ करणाऱ्या आर्क सिस्टिम वर्क्सने दाखवलेली वाट सर्वांना खुली होती. त्यांची पात्रेही त्रिमितीयच आहेत. फरक एवढाच की सावली कुठे पडावी हे त्यांनी हाताने बसवले आणि दोन मुद्रांच्या मधल्या गुळगुळीत हालचाली मुद्दाम गाळल्या, त्यामुळे प्रत्येक ठोसा क्षणभर चित्रासारखा थांबतो. सोळा शैलींसाठी हेच करणे कष्टाचे झाले असते, हे मी मान्य करतो. पण निंटेंडो डीएसच्या छोट्या पडद्यावर २००५ साली ‘जंप सुपर स्टार्स’ने आणि २००६ साली ‘जंप अल्टिमेट स्टार्स’ने ही मोट बांधून दाखवली होती. त्यांत मांगाच्या चौकटीच पत्त्यांसारख्या जुळवून आपला संघ तयार करायचा असे, आणि चौकटीतून बाहेर आलेले पात्र आपली मूळ रेघ घेऊनच उतरत असे.

प्रतिसाद — तिसरा गडी

वरचा प्रतिसाद मनापासून आवडला, तरी लढतीची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे, म्हणून लिहीत आहे. तिघांचा संघ आणि तिघांत मिळून आयुष्याची एकच पट्टी, हा या गेमचा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे आणि बऱ्याच परीक्षणांनी तो केवळ माहिती म्हणून नोंदवला. जोडीने किंवा तिघांनी लढायच्या इतर गेममध्ये दमलेल्या गड्याला बाहेर काढून सावरू देता येते. इथे ती सोय नाही, त्यामुळे गडी बदलायचा तो केवळ हल्ला पुढे चालू ठेवण्यासाठी किंवा अंतर साधण्यासाठी. शिवाय प्रतिस्पर्ध्यावर झेप घेण्याची आणि त्याच्या माऱ्यातून निसटण्याची ताकद एकाच पट्टीतून खर्च होते. जो उतावीळपणे झेपा घेतो त्याच्याकडे नंतर निसटायला काही उरत नाही. बचावात दडून बसणाऱ्याला पकडून फेकता येते आणि पकडायला धावणाऱ्याला साध्या ठोशाने अडवता येते. हे सगळे ध्यानात यायला पाच-पंचवीस लढती तोलामोलाच्या माणसाशी खेळाव्या लागतात. कथाभाग संपवून मुदतीत परीक्षण लिहिणाऱ्याच्या हाती तेवढा वेळ क्वचितच असतो.

तरीही सर्व पात्रे सारखीच वाटतात, ही तक्रार निम्मी खरी आहे. साध्या ठोशांची साखळी एकच बटण दाबत राहिले की पूर्ण होते, आणि तिचा ताल पात्रागणिक फारसा बदलत नाही. ‘यू-गी-ओह!’चा युगी मुळात पत्ते खेळणारा मुलगा. त्याने पत्त्यांतून राक्षस बोलावले की तो युगी वाटतो, पण त्या दोन चालींच्या मधल्या वेळात तो इतरांसारखाच हाणामारी करत असतो. उलट ‘सिटी हंटर’चा र्यो साएबा पिस्तूल घेऊन उभा राहतो तेव्हा अंतराचे सगळे गणित बदलते. सर्वांच्या बाबतीत एवढा विचार झाला असता, तर मी आज या गेमची बाजू कितीतरी हिरिरीने मांडली असती. मी दिले असते ते गुण सत्तरच्या पलीकडे गेले नसते, पण पन्नाशीच्या घरातले गुण मला कठोर वाटतात.

प्रतिसाद — दोन ओळींचा संवाद

लोडिंगची तक्रार कागदावर एका वाक्यात आटोपते, म्हणून वाचणाऱ्याला ती किरकोळ वाटते. प्रत्यक्षातला क्रम असा असायचा: मोठ्या लॉबीतून, म्हणजे लढतींच्या मधे वावरायच्या जागेतून, चालत काउंटरपर्यंत जाऊन कामगिरी निवडायची, मग लोडिंग, दोन पात्रे समोरासमोर उभी राहून दोन-दोन वाक्ये बोलणार, मग पुन्हा लोडिंग, मिनिटभराची लढत, मग लोडिंग, आणि आपण परत लॉबीत. हरल्यावर लगेच पुन्हा उभे राहता आले तर माणूस शिकतो. ती ऊर्मीच इथे मोडत होती, त्यामुळे समीक्षकांनी यासाठी गुण कापले असतील तर ते लढतीचेच गुण होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कथेबद्दल मात्र मला त्यांच्याहून अधिक हळहळ वाटते. सुरुवात किती चांगली होती! न्यूयॉर्कवर ‘ड्रॅगन बॉल’चा खलनायक फ्रीझा हल्ला करतो, त्यात रस्त्यावरचा एक सामान्य माणूस मरतो, त्याच मालिकेतला ट्रंक्स एका घनाच्या शक्तीने त्याला जिवंत करतो आणि तो माणूस म्हणजे आपण. पुढे ‘डेथ नोट’चा लाइट यागामीही येतो, जो ठोसा न मारता केवळ नाव लिहून माणसे मारतो. असा माणूस गोकूच्या शेजारी उभा करून त्यांच्यात नीट संवादच घडवू नये, ही संधी वाया घालवल्याचे दुःख मला त्या ताठर कट-सीनपेक्षा जास्त आहे. खास या गेमसाठी ‘ड्रॅगन बॉल’चे चित्रकार अकिरा तोरियामांनी काढलेले केन आणि गलेना हे खलनायकही आखणीत दमदार असून बोलण्यात अगदीच कोरडे निघाले.

प्रतिसाद — मुखपृष्ठ

सर्वांचे आभार. एकच पट्टी असण्याचा परिणाम माझ्या ध्यानातच आला नव्हता. मी जखमी गडी आत-बाहेर करत बसलो होतो आणि त्याचा उपयोग का होत नाही हे मला कळत नव्हते.

आणखी एक शंका विचारतो. फेब्रुवारी २०२२मध्ये या गेमची डिजिटल विक्री थांबली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑनलाइन लॉबी व क्रमवारीच्या लढती बंद झाल्या. म्हणजे आज जो कोणी नव्याने खेळेल तो जुनी डिस्क शोधूनच खेळेल. त्याने २०१९ची परीक्षणे प्रमाण मानावीत का?

प्रतिसाद — शाईची रेघ

अंशतः मानावीत. डिस्क नव्या, वेगवान यंत्रावर चालवली तर लोडिंगचा जाच बराच कमी होतो, आणि ‘तिसरा गडी’ यांनी सांगितलेले बारकावे शेजारी बसलेल्या माणसाशी खेळूनही अनुभवता येतात. म्हणून त्या दोन मुद्द्यांवर जुन्या परीक्षणांचा निकाल आज थोडा सौम्य करून वाचावा.

चेहऱ्यांच्या बाबतीत मात्र कोणाचेच ऐकू नका, माझेही नाही. केनशिरो आणि लुफी यांना एकाच संघात घ्या, त्यांच्या मूळ मांगाचे एकेक पान समोर उघडे ठेवा आणि प्रत्येकाच्या विजयमुद्रेपाशी पडदा थांबवा. केनशिरोच्या वेळी नजर पानावरून पडद्यावर सहज जाईल. लुफीच्या वेळी ती कुठे अडखळते ते इथे नक्की लिहा, कारण मला गालांपाशी अडखळल्यासारखे वाटते आणि माझ्या मित्राला डोळ्यांपाशी.