विषय: न्यू जर्सीहून नाशिकला बिऱ्हाड हलवायचा खर्च

सप्रेम नमस्कार मंडळी,

मे २०२७ मध्ये आम्ही इथलं बिऱ्हाड आवरून कायमचे नाशिकला चाललोय. इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय. तीन मूव्हर्सकडून आकडे मागवले, तर स्वस्त आणि महाग यांत चक्क दुपटीचा फरक! एकाने तर फोनवरच "दोन बेडरूम ना, मग इतके" असं सांगून टाकलं. आईच्या आजारपणासाठी परततोय, पैसा जपून वापरायचा आहे. अंदाज नेमका कसा काढायचा, कोणी सांगेल का?

---

ताई, नमस्कार.

आम्ही दोन वर्षांपूर्वी गंगापूर रोडला परतलो, म्हणून सविस्तर लिहितो.

बेडरूमच्या हिशोबावर काहीही ठरवू नका. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्यात जाताना सामान वजनावर मोजतात, त्यामुळे पुस्तकं महागात पडतात असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. बोटीचं भाडं मात्र सामान जागा किती अडवतं त्यावर. टेप घ्या आणि प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणाकार करा. आमचा सोफा ७ बाय ३ बाय ३, म्हणजे ६३ घनफूट. पुस्तकांचा छोटा खोका दीड घनफुटाचा. म्हणजे एका सोफ्याच्या जागेत ४२ खोके पुस्तकं! त्याच रात्री सोफा विकायला काढला आणि वडिलांचा सगळा ग्रंथसंग्रह घेऊन आलो.

बेरजेला ३५.३ ने भागलं की घनमीटर मिळतात. पॅकिंगचे मी १० टक्के वर धरले होते. २० फुटी कंटेनर आतून साधारण ३३ घनमीटरचा, पण सामान बसतं २७-२८. तुमचं निम्म्याच्या आत असेल तर शेअर्ड कंटेनरचा भाव आधी विचारा. त्यात बाकीच्यांचं सामान जमेपर्यंत थांबावं लागतं, तेवढी तयारी ठेवा.

आता दुपटीचा फरक. बहुतेक तो मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरात आहे. स्वस्त कोटेशन बंदरापर्यंतचं असतं. तिथला हाताळणी खर्च, कस्टम एजंटची फी, सामान अडकलं तर रोजचं भाडं आणि पुढे नाशिकपर्यंतचा ट्रक हे सगळं वेगळं. आम्हाला फोनवर "घरापर्यंत" सांगितलं आणि कागदावर "बंदरापर्यंत" निघालं. ऐनवेळी भुर्दंड बसला, फार मनस्ताप झाला. तिघांकडूनही "नाशिकच्या तिसऱ्या मजल्यावर, खोके उघडून" असं लेखी घ्या. ट्रेलर गल्लीत वळला नाही तर छोट्या टेम्पोचे आणि हमालीचे पैसे कोणाकडे, तेही त्यात हवं. विम्यात एक बघा: आपण स्वतः भरलेल्या खोक्यांतली फुटतूट बऱ्याचदा धरत नाहीत. काचेचं आणि देवघरातलं त्यांनाच भरू द्या.

कस्टमची ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सची सवलत, म्हणजे भारतात राहायला परतणाऱ्यांना घरसामानावरच्या करात मिळते ती, परदेशात किती राहिलात आणि मधल्या काळात भारतात किती दिवस होतात यावर ठरते. आईंसाठी फेऱ्या झाल्या असतील, तर पासपोर्टवरचे दिवस आत्ताच मोजा. सवलत हुकली तर सगळा हिशोब बदलतो.

आणि तारीख! मे महिन्यात निघालेलं सामान आम्हाला लागला तसा दीड-दोन महिन्यांचा वेळ धरला, तर जुलैच्या पावसात पोचेल. थोडं लांबलं की सिंहस्थ. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्टला आहे. २०१५ साली पर्वणीच्या दिवशी गाड्या शहराबाहेरच थांबवल्या होत्या. समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून ट्रकला कसारा घाट टाळता येतो, पण शहरात शिरायचं कसं? शक्य असेल तर सामान आधी पाठवा.

---

दादा, मनापासून आभार.

शनिवार-रविवार बसून मोजलं. पलंग आणि सोफा गाळले. वॉशिंग मशीनही, १२० व्होल्टचं तिथे काय कामाचं! उरलं ४१० घनफूट, तुमचे १० टक्के धरून पावणेतेरा घनमीटर. शेअर्डच घेतोय. महागड्या मूव्हरने सगळं लेखी दिलं, स्वस्तवाल्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

सामान मार्चमध्येच पाठवायचा विचार आहे, पण आम्ही पोचायच्या किती आधी ते तिथे उतरलेलं कस्टमला चालतं? पासपोर्टवरचे दिवस आज रात्री मोजते.