प्रतिसाद: आलेख क्रिएटिनिनचा नको, ईजीएफआरचा काढा
किडनीच्या रुग्णाला क्रिएटिनिनचा (किडनी रक्तातून गाळून काढते त्या टाकाऊ पदार्थाचा) आलेख दाखवला की तो नीट ऐकतो, असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. आलेख हवाच, पण क्रिएटिनिनचा नको; ईजीएफआरचा हवा, म्हणजे क्रिएटिनिनवरून काढलेल्या किडनीच्या गाळण्याच्या वेगाच्या अंदाजाचा. ५० वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १ वरून २ झालं तर ईजीएफआर साधारण ९२ वरून ४० वर येतो. ४ वरून ५ झालं तर १७ वरून १३. म्हणजे मोठं नुकसान होतं तेव्हा रेषा जेमतेम उचललेली दिसते आणि रुग्ण निर्धास्त राहतो. सगळ्या जुन्या रिपोर्टांतला ईजीएफआर सीकेडी-ईपीआय २०२१ या एकाच सूत्राने (क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून) पुन्हा मोजून घ्या. लॅबनुसार सूत्र बदललं की खोटी घसरण दिसते.

उभा अक्ष ० ते १२० असा पक्का ठेवा. सॉफ्टवेअरवर सोडला तर ४८ चे ४४ झाले तरी कडा कोसळल्यासारखा दिसतो, आणि माणूस उगाच हबकतो. जुलाब, वेदनाशामक गोळ्या यांनीही ईजीएफआर उतरू शकतो, म्हणून त्यांच्या तारखा रेषेवरच लिहा. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन (रक्तदाबाची औषधं) किंवा डापाग्लिफ्लोझिन (मधुमेहाचं औषध) ही किडनीलाही जपणारी औषधं सुरू केल्याच्या दिवशी उभी रेघ मारा. यांनी सुरुवातीला ईजीएफआर थोडा उतरतो, क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तरी सहसा चालतं. हे आधी दाखवलं नाही, तर पुढचा रिपोर्ट बघून रुग्ण नेमकी किडनी वाचवणारी गोळी बंद करतो.