स्ट्रिक्ट डॉकटाइप आणि नव्या खिडकीतल्या लिंका: टार्गेट उघड लिहावं की स्क्रिप्टमागे लपवावं?

अर्धविराम
एक्सएचटीएमएल १.० स्ट्रिक्टमधली, म्हणजे डॉकटाइपमध्ये (पानाच्या सुरुवातीच्या घोषणेत) कडक नियम निवडलेली जुनी वेबपानं अजून पुष्कळ चालू आहेत, आणि त्यांच्यावरून होणारा वादही तोच जुना. बाहेरच्या लिंका नव्या खिडकीत हव्यात, पण अँकर टॅगवर (लिंकच्या टॅगवर) ‘नव्या खिडकीत उघड’ सांगणारं टार्गेट="_ब्लँक" लिहिलं की व्हॅलिडेटर, म्हणजे नियम तपासणारं साधन, सांगतो, ‘टार्गेट नावाचा अ‍ॅट्रिब्यूट नाही’. मग ठरलेली पळवाट: अँकरवर रेल="एक्स्टर्नल" (‘बाहेरची लिंक’ अशी खूण) लिहायचं आणि पान लोड झालं की जावास्क्रिप्टने अशा सगळ्या अँकरांना टार्गेट चिकटवायचं. व्हॅलिडेटर स्क्रिप्ट चालवत नाही, मूळ मजकूर तेवढा वाचतो. झालं पान पास!

ही नियमाच्या डोळ्यांत धूळफेक आहे. कुठे उघडायचं ते वाचणाऱ्याला ठरवू द्या. ज्याला नवी टॅब हवी तो कंट्रोल दाबून किंवा माउसच्या मधल्या बटणाने उघडतो. जबरदस्तीने उघडलेल्या टॅबमध्ये मात्र ‘मागे’चं बटण निकामी असतं, कारण त्या टॅबला आधीचा इतिहासच नसतो. स्ट्रिक्ट पाळायचं तर टार्गेट नको, स्क्रिप्टही नको.

डिंकाचा लाडू
हेतू जरा जास्तच उदात्त लावलात. डिसेंबर १९९९च्या एचटीएमएल ४.०१मध्ये टार्गेट फ्रेम्सच्या (एकाच खिडकीत वेगवेगळी पानं दाखवणाऱ्या खणांच्या) प्रकरणात येतं. ट्रान्झिशनल (सैल) आणि फ्रेमसेट डीटीडीत, म्हणजे काय काय लिहिलेलं चालतं त्याच्या नियमावलीत, ते आहे, स्ट्रिक्टमध्ये नाही. एक्सएचटीएमएल १.०ने हीच विभागणी उचलली. एक्सएचटीएमएलच्या मॉड्यूलांत तर टार्गेटचं वेगळं मॉड्यूलच आहे, म्हणजे हवं त्याने जोडून घ्यावं. ऑक्टोबर २०१४च्या एचटीएमएल ५मध्ये टार्गेट बिनशर्त वैध आहे. ज्याला तुम्ही तत्त्व म्हणताय ते एका डीटीडीपुरतं होतं.

अर्धविराम
वैध असणं आणि योग्य असणं वेगळं. आयफ्रेमसाठीही (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानासाठीही) टार्गेट लागतंच, म्हणून ते परत आलं तर नवल नाही. त्यामुळे प्रत्येक बाहेरच्या लिंकला _ब्लँक लावायची मुभा मिळत नाही.

खिडकीवाला
तत्त्व बाजूला ठेवा, पळवाटा कुठे फुटतात ते बघा.

ऑनक्लिकमध्ये (क्लिक झाल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) ‘विंडो.ओपन(धिस.एचरेफ), रिटर्न फॉल्स’ लिहितात ती सगळ्यांत वाईट. पॉपअप अडवला गेला तर विंडो.ओपन नल (‘काहीच नाही’) परत करतं, रिटर्न फॉल्समुळे मूळ लिंकही चालत नाही, आणि माणूस मेलेल्या लिंकवर क्लिक करत बसतो. यावरचा उतारा: मिळालेली खिडकी व्हेरिएबलमध्ये घ्यायची आणि ‘रिटर्न नॉट खिडकी’ करायचं, म्हणजे नवी उघडली नाही तर लिंक त्याच टॅबमध्ये जाईल. पण पुढे कुणीतरी सुरक्षिततेसाठी विंडो.ओपनच्या तिसऱ्या पॅरामीटरमध्ये नोओपनर (नव्या पानाचा मूळ टॅबशी संबंध तोडणारी सूचना) घालतो. नोओपनर असलं की खिडकी उघडली तरी नलच मिळतं! मग पान नव्या टॅबमध्येही उघडतं आणि जुन्यातही. हा बग शोधताना भले भले पॉपअप ब्लॉकरला शिव्या घालतात.

काहीजण कीबोर्डसाठी त्याच्या जोडीला ऑनकीप्रेसही लावतात. गरज नाही. लिंकवर एंटर दाबलं तरी ऑनक्लिक चालतंच, आणि काही जुन्या ब्राउझरांत टॅब की दाबून नुसतं पुढे सरकतानाही खिडक्या उघडायच्या.

त्यापेक्षा रेल="एक्स्टर्नल"वाली युक्ती बरी. स्क्रिप्ट बंद असली तरी लिंक साधी लिंक म्हणून चालते.

सांडगी मिरची
डॉकटाइपच्या चौकटी कंसात स्वतःच टार्गेट जाहीर करायची युक्ती राहिली. व्हॅलिडेटर खूश. पण पान टेक्स्ट/एचटीएमएल म्हणून पाठवलं तर ब्राउझरचा पार्सर (मार्कअप वाचणारा भाग) पहिल्या ‘>’लाच डॉकटाइप संपला असं धरतो, आणि उरलेले ‘]>’ पानाच्या डोक्यावर छापून येतात. मुख्य पानावर तोरणासारखे लटकलेले.

डिंकाचा लाडू
म्हणून म्हणतो, सरळ एचटीएमएल ५चा छोटा डॉकटाइप घाला. स्ट्रिक्टवरून आलात तर ब्राउझर आधीसारखाच पूर्ण स्टँडर्ड्स मोडमध्ये (प्रमाणाबरहुकूम मांडणी करणाऱ्या) राहतो, मांडणी हलत नाही. ट्रान्झिशनलकडे मागे जाऊ नका. तो डीटीडीच्या पत्त्यासकट लिहिला तर ‘जवळपास स्टँडर्ड्स’ मोड लागतो आणि टेबलाच्या खणांतल्या चित्रांखालची जागा बदलते. एचटीएमएल ४.०१ ट्रान्झिशनल पत्त्याशिवाय लिहिला तर थेट क्वर्क्स, म्हणजे जुन्या ब्राउझरांच्या खोडी सांभाळणारा मोड.

फुकट मात्र काही नाही. स्ट्रिक्टमध्ये चालणारे टीटी, बिग, अ‍ॅक्रोनिम आणि टेबलाचे सेलपॅडिंग, सेलस्पेसिंग आता चुकीचे ठरतील. ते आधी सीएसएसमध्ये हलवा (अ‍ॅक्रोनिमच्या जागी अ‍ॅब्रिव्हिएशन टॅग), मग डॉकटाइप बदला, शेवटी ती स्क्रिप्ट काढून टार्गेट मार्कअपमध्ये उघड लिहा. आणि ‘_न्यू’ नको, तसा शब्दच प्रमाणात नाही. अंडरस्कोरशिवाय ‘न्यू’ म्हणजे त्या नावाची एकच खिडकी. दुसरी लिंकही तिच्यातच उघडते, आणि ती मागे दडलेली असली तर काही झालंच नाही असं वाटू शकतं.

खिडकीवाला
सोबत रेल="नोओपनर" लिहा. ते नसेल तर नवं पान विंडो.ओपनरमधून तुमच्या मूळ टॅबचा पत्ता बदलू शकतं, तिथे खोटं लॉगिनचं पान आणून ठेवू शकतं. फायरफॉक्स ७९ आणि क्रोम ८८पासून _ब्लँकला हे आपोआप लागू होतं, पण जुने ब्राउझर आहेतच. नोरेफरर गरज नसताना लावू नका. समोरच्याला वाचक कुठून आला ते कळत नाही.

अर्धविराम
डॉकटाइपचं मान्य. स्क्रिप्टमागे लपवण्यापेक्षा उघड लिहिलेलं टार्गेट प्रामाणिक. पण लावायचं कुठे? अर्धा भरलेला अर्ज आणि त्यातली ‘हा क्रमांक कुठे सापडेल’ ही मदतीची लिंक, इथे नवी टॅब पटते. नवी खिडकी शक्यतो टाळा म्हणणाऱ्या डब्ल्यूसीएजीच्या (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या) तंत्रांतही अनेक पायऱ्यांच्या अर्जातली मदत अपवादात बसते. बातमीतल्या संदर्भाला कशाला?

सांडगी मिरची
आणि लावलंत तर लिंकच्या शब्दांतच ‘(नव्या टॅबमध्ये)’ लिहा. टायटल अ‍ॅट्रिब्यूटवर विसंबू नका, टचस्क्रीनवर ते दिसत नाही. बाणाचं चित्र असेल तर त्याच्या ऑल्टमध्ये (पर्यायी मजकुरात) तेच शब्द.

डिंकाचा लाडू
बातमीतल्या संदर्भांवर आपलं जमणार नाही. वीस तळटिपांच्या लेखात प्रत्येक वेळी मागे येऊन जागा शोधणं मला छळ वाटतो. पण आळस म्हणून हेडमध्ये बेस टॅगला (जो पानातल्या सगळ्या लिंकांना लागू होतो) टार्गेट लावून मोकळं होऊ नका. तळटिपेच्या आकड्यापासून खाली उडी मारणाऱ्या लिंकाही मग नव्या टॅबमध्ये उघडतात, तेच पान पुन्हा.