मदत हवी आहे: हा भुंगेरा बाटोसेराच ना?

मंडळी, अंबाजोगाईकडं आमच्या केसर आंब्याच्या खोडाला भोकं पडलीत, बुडाशी भुस्सा साचलाय. भिरूडच (खोड पोखरणारी अळी), त्यात शंका नाही. परवा रात्री दिव्यावर भुंगेराही सापडला. रंग करडा, मिशा अंगापेक्षा लांब. मानेवर मूत्रपिंडाच्या आकाराचे दोन नारिंगी ठिपके, दोन्ही बाजूंना एकेक काटा, पंखांच्या बुडाशी काळे दाणे. तोंड सरळ खाली उतरतं, म्हणून लांब मिशांच्या भुंगेऱ्यांमधलं उपकुळ लॅमिइनी धरलंय. प्रजाती (जीनस) बाटोसेरा वाटते. पण त्यातली जाती (स्पीशीज) कोणती? १७७५ साली नाव मिळालेली रूफोमॅक्युलाटा की शास्त्रज्ञ लिनिअसनं १७५८ साली नाव दिलेली रुबस? पंखांवरच्या ठिपक्यांवर माझा भरवसा नाही, मेलेल्या किड्यात रंग उतरतो. मग पंखांची टोकं बघू की मिशांवरचे काटे? जाणकारांनी सांगावं, जवळून फोटो काढून टाकतो. 'औषध मारा' एवढंच कृपया नको.