डोहाळे शाडूच्या मातीचे: निव्वळ मातीत शिसं कुठून येणार?

लालबागची_नणंद
वहिनीला सातवा महिना. आमच्या चाळीखालीच गणपतीचा कारखाना आहे. पाऊस लागला, ओल्या शाडूचा वास जिन्यातून वर यायला लागला आणि हिचे डोहाळे सुरू झाले. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. परवा कणकेच्या डब्यामागे श्रीखंडाचा रिकामा डबा सापडला, आत वाळलेल्या शाडूची ढेकळं. रोज सुपारीएवढी दोन तव्यावर भाजून खाते म्हणे! आई म्हणते, आम्हीही चुलीची माती खाल्ली, तुम्ही झालातच ना. दादा म्हणतो, रंग नाही, केमिकल नाही, निसर्गाची माती आहे, आणि भाजल्यावर जंत मरतात. मातीत शिसं असतं असं मी कुठेतरी वाचलं होतं. पण कुठल्या कंपनीचं सांडपाणी न लागलेल्या मातीत ते येईल कुठून?

गिरगावची_आजी
अगं खाऊ दे. मी चार महिने पाटीवरची पेन्सिल खाल्ली. मुलगा ठणठणीत आहे, डोंबिवलीला असतो.

कातळकाका
भूशास्त्र शिकवण्यात हयात गेली. डॉक्टर नाही, म्हणून मातीपुरतंच बोलतो.

शिसं, आर्सेनिक, कॅडमियम माणसाने घडवलेले नाहीत. कातळ झिजून माती होते, तेव्हा कातळात असेल ते मातीत उतरतं. त्यात चिकणमातीचा कण इतका बारीक, की पाण्यातून वाहत आलेला धातूही धरून ठेवतो. कोणी न बिघडवलेल्या मातीतसुद्धा किलोमागे वीसेक मिलिग्रॅम शिसं आणि पाचेक मिलिग्रॅम आर्सेनिक निघालं तर नवल नाही. आता हिशेब करा. दोन ढेकळं म्हणजे धरा १० ग्रॅम. त्यात शिसं झालं २०० मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे त्या मर्यादेवरचं पाणी रोज २० लिटर प्यायल्यासारखं! सगळं अंगात मुरत नाही, बरंचसं मातीबरोबरच बाहेर पडतं. पण पोटातल्या आम्लात थोडं सुटतंच. तुमच्या डब्यातल्या शाडूत नेमकं किती, ते तपासल्याशिवाय कळायचं नाही.

भाजण्याचं म्हणाल तर जंताची अंडी मरतील, शिसं जळत नाही. पाणी उडून ढेकूळ हलकं होतं, धातू तेवढाच राहतो.

शाडू सोडून अंगणातली माती द्यावी असं कोणी सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. आपल्या मुंबईच्या काळ्या कातळात (अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिलाय ना?) शिसं मुळात कमी. क्रोमियम, निकेल जास्त, पण ते खनिजात घट्ट अडकलेलं. तरी इथली माती नकोच. शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, पण त्याआधी रस्त्याकडेला बसलेलं शिसं कुजून नाहीसं होत नाही.

आणि दादांना बंगालची गोष्ट सांगा. तळ्याचं पाणी पिऊन जुलाब होतात म्हणून तिकडे १९७०च्या दशकात गावोगाव हातपंप बसवले. हिमालयातून वाहत आलेल्या गाळातलं आर्सेनिक त्या जमिनीखालच्या पाण्यात उतरलेलं होतं. ना कंपनी, ना केमिकल. पाणी काचेसारखं नितळ. तळहातांवर खरखरीत गाठी दिसायला वर्षं गेली.

परळची_सिस्टर
आजी, रागावू नका, पण बाळ ठणठणीत दिसलं म्हणजे शिसं गेलंच नव्हतं असं नाही. ते नाळेतून बाळापर्यंत पोचतं आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. तो वरून दिसत नाही.

नणंदबाई, माती, खडू, बर्फ असलं काही खावंसं वाटलं की आम्ही आधी रक्त बघतो. बऱ्याचदा लोह कमी असतं. त्यात गंमत अशी, की माती पोटात लोहाला धरून ठेवते, म्हणजे गोळी घेऊनही वाया. आणि लोह कमी असलं की शिसं उलट जास्त शोषलं जातं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि रक्तातलं शिसं, तिन्ही तपासायला डॉक्टरांना सांगा. लोहाची गोळी चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. आणि तिच्यावर ओरडू नका. ओरडलं की डब्याची जागा बदलते, एवढंच.

लालबागची_नणंद
हिमोग्लोबिन ८.२ आलं. शिशाचा रिपोर्ट अजून यायचाय. गोळ्या सुरू केल्यात. वहिनी आधी रडली, मग म्हणाली, चवीचं काही नाही गं, मला तो वास हवा असतो. आता संध्याकाळी जिन्यात खुर्ची टाकून बसते. दादा गप्प आहे. आईने चुलीच्या मातीचा विषय परत काढलेला नाही.

डबा मी कारखान्यात परत नेऊन दिला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने ढेकळं घमेल्यात ओतली आणि म्हणाला, दर पावसाळ्यात एखादी तरी येतेच मागायला, आम्ही नाही कसं म्हणणार?