खोकं फुकट, ॲप फुकट... मग बिल कोण भरतंय? (अनुभव धागा)

शनिवारपेठेची_नात

कुकरची रिंग मागवली होती ऑनलाइन. आली ती एवढ्या मोठ्या खोक्यात की शेजारच्या काकूंना वाटलं मिक्सर आला. खोक्यात हवा भरलेल्या उशा, त्यात बबलची पिशवी, त्यात पुठ्ठ्याचा डबा, त्यात आणखी एक प्लॅस्टिकची पिशवी आणि सगळ्यात शेवटी ती रबराची रिंग. रबराची! माडीवरून खाली टाकली असती तरी तिला काही झालं नसतं.

तो सगळा पसारा बघून आजोबांचं दुकान आठवलं. कोल्हापुरात शनिवार पेठेत किराणा होता आमचा. डाळ, साखर, शेंगदाणे सगळं रद्दीच्या कागदात. छताला टांगलेल्या रिळातून दोरा खाली यायचा, पुडीला दोन वेढे, एक झटका, झालं. घरी गेल्यावर बायका तो दोरा गुंडाळून ठेवत आणि कागद चुलीत जाई. तेलाला बरणी गिऱ्हाइकाची. आजोबा आधी रिकामी बरणी तागडीत ठेवून धडा करायचे, मग तेल ओतायचे. बरणीच्या वजनाचा एक पैसा त्यांनी कुणाकडून घेतला नाही, आणि घेऊ म्हटलं असतं तर पेठेतल्या बायकांनी त्यांना दुकानाबाहेर ओढलं असतं.

रिंग मागवल्यापासून फोनवर नुसते कुकर दिसतायत. मैत्रिणीच्या मुलाच्या बारशाचे फोटो बघतेय, तर मधेच कुकर. अहो घेतली की रिंग, म्हणजे कुकर आहे घरात!

तर लिहा. फुकट म्हणून आलेलं काय काय तुम्हाला नंतर महागात पडलं? खोकी, पिशव्या, ॲप, काहीही चालेल.

नादखुळा_भावा

ते सगळं राहू दे, रिंग बसली का नाही?

शनिवारपेठेची_नात

नाही. साइज चुकीची पाठवलीय. परत पाठवायला तेच खोकं लागणार म्हणे.

नादखुळा_भावा

जाळ आणि धूर संगटच!

मंगळवारपेठ_कॉर्नर

धडा शब्द किती वर्षांनी वाचला. आता मिठाईच्या दुकानात जाऊन बघा कोण करतं ते. दिवाळीत अर्धा किलो कंदी पेढे घेत होतो. पोरगं जाड पुठ्ठ्याचं सोनेरी खोकं काट्यावर ठेवून त्यातच पेढे भरायला लागलं. म्हटलं बाळा, रिकामं ठेव आधी. ठेवलं. ७० ग्रॅम! पेढ्याचा भाव ५०० रुपये किलो, म्हणजे ३५ रुपये मी पुठ्ठ्याला मोजणार होतो. मालक म्हणतो, "काका, सगळीकडं असंच असतंय." सगळीकडं असू दे की. खोक्यासकट वजन करणं कायद्यात बसत नाही, वजनमापं तपासणाऱ्या वैधमापनशास्त्र खात्याकडं तक्रार करता येते, एवढं फक्त मोठ्यानं बोललो. मागच्या रांगेतल्या चार बायका लगेच "आमचंही परत करा वजन" म्हणाल्या. काटा शून्यावर आला की हो मग.

तांबडापांढरा

पार्सल रस्स्यावर कुणी बोलणार का नाही? मटणाचं ताट घेतलं की तांबडा एका पिशवीत, पांढरा दुसऱ्या पिशवीत, दोन्ही उकळते, आणि वर रबर अशा गाठीनं की दातानं पण सुटत नाही. कात्री लावली की अर्धा पांढरा ओट्यावर. वर बिलात "पॅकिंग चार्ज" वेगळा. आता मी सरळ कडीचे दोन डबे घेऊन जातो. पहिल्यांदा हॉटेलवाल्यानं असं बघितलं जणू मी उधार मागायला आलोय. आता स्वतःच विचारतो, "दादा डबे आणले न्हवं?" आणि एक वाटी जास्त ओततो. पिशवीत मोजून देतात, डब्यात हात सैल सुटतो, हे ध्यानात ठेवा.

सासने_मैदान_वॉकर

कुठलं हॉटेल ते सांगा की

तांबडापांढरा

सांगितलं तर रविवारी मलाच जागा मिळायची न्हाई.

पुठ्ठावाला

शिरोली एमआयडीसीत बॉक्सच्या कारखान्यात आहे, म्हणून राहवलं नाही. नातताई, तुमची रिंग मोठ्या खोक्यात का आली ते सांगतो. गोदामात खोक्यांची ठरावीक मापं असतात. माल भरणाऱ्या पोराला सेकंदावर काम, हाताला येईल ते खोकं उचलतो. लहान माप आम्ही सुचवलं की उत्तर येतं, मापं वाढली की गोदामात गोंधळ वाढतो. म्हणून खोकं मोठं आणि आत उशा.

पण हवा फुकट जात नाही. बहुतेक कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात आणि ५००० ने भागतात. ४० बाय ३० बाय २० चं खोकं घ्या. भागाकार येतो ४.८. आत पन्नास ग्रॅमची रिंग असली तरी त्या खोक्याचा हिशोब पावणेपाच किलोच्या वर लागतो, कारण खरं वजन आणि हे वजन यातलं जे जास्त ते धरतात. मोठ्या कंपन्या घाऊक दर पाडून घेतात, लहान विक्रेता मरतो. आणि "फ्री डिलिव्हरी" लिहिलेलं असतं ना, ते वस्तूच्या किमतीत आधीच बसवलेलं असतं.

पुठ्ठा निदान परत गिरणीत जातो. भंगारवाला हसत घेतो. त्याला चिकटवलेली ती पारदर्शक टेप तेवढी काढून देत चला, फार त्रास होतो तिचा.

कापशी_चप्पल

पुठ्ठावाले दादा, अगदी खरं. आमचं घरचं कोल्हापुरी चपलांचं काम. २०१९ ला जीआय (म्हणजे या भागाचीच वस्तू असा सरकारी शिक्का) मिळालं तेव्हा वाटलं आता ऑनलाइन दणकून विकू. दुकानात गिऱ्हाईक आलं की जोड कागदात गुंडाळून हातात देतो. परगावी पाठवायचं तर पेटी, आत पातळ कागद, ओलावा शोषायची पुडी, ब्रँडचं कार्ड, बाहेरचं खोकं. कातडं आणि कारागिराची मजुरी सोडली तर सगळ्यात जास्त पैसा त्यातच जातो. चप्पल तीच. पण साध्या कागदात पाठवली तर लोक "लोकल वाटते" म्हणून एक स्टार देतात. अहो लोकलच आहे ती!

आणि फुकटच्या पेजबद्दल तर विचारूच नका. सुरुवातीला फोटो टाकला की जेवढे फॉलोअर तेवढ्यांना दिसायचा. मग हळूहळू दिसेनासा झाला. आता बटण येतं, पैसे भरा, बूस्ट करा. म्हणजे माझीच गिऱ्हाइकं, मीच जमवलेली, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला मीच टोल भरायचा. आईनं शेवटी वही काढली. जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर, पायाची मापं, कुणाला कानवाली लागते, कुणाला वेणीची. सणाच्या आधी फोन करते. त्या वहीला टोल नाही.

हिंजवडीतली_कोल्हापूरकर

ऑफिसच्या बसमध्ये टाइप करतेय, चुका माफ. आमच्या ग्रुपवर कायम चर्चा असते की फोन आपलं बोलणं ऐकतो. ऐकायची गरजच नाही हो. ज्या साइटवर रिंग बघितली, त्या साइटवरच जाहिरात कंपन्यांचे ट्रॅकर बसवलेले असतात, तेच जाऊन सांगतात. व्हॉट्सॲपचे मेसेज २०१६ पासून एंड टू एंड एन्क्रिप्टेड आहेत, मजकूर कंपनीला दिसत नाही. पण कुणाशी, कधी, किती वेळा बोलता ही माहिती वेगळी, आणि तिलाही किंमत असते.

आठवतं का, आधी व्हॉट्सॲपला पहिल्या वर्षानंतर वर्षाला एक डॉलर होता. २०१४ मध्ये फेसबुकनं ते १९ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं, २०१६ च्या जानेवारीत तो डॉलरही बंद झाला. एवढे पैसे घालून वस्तू घ्यायची आणि मग फुकट वाटायची, असा व्यापारी लक्ष्मीपुरीत कुणी पाहिलाय? मेटाचं, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीचं, २०२३ चं उत्पन्न साधारण १३५ अब्ज डॉलर, त्यातलं ९७ टक्क्यांहून जास्त जाहिरातींचं. व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या त्या "अटी मान्य करा नाहीतर..." पॉलिसीबद्दल आपल्या स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटींचा दंड लावला, कंपनी अपिलात गेली. अटी कुणी वाचल्या होत्या इथं? मी याच क्षेत्रात आहे आणि मीसुद्धा सरळ ओके दाबलं होतं.

नादखुळा_भावा

मी वाचल्या होत्या

हिंजवडीतली_कोल्हापूरकर

खोटं.

नादखुळा_भावा

व्हय.

निवृत्त_गुरुजी

माझा फोटो, माझं नाव लावून कुणी तरी दुसरे खाते उघडले. माझ्या विद्यार्थ्यांना निरोप गेले, की माझे एक मित्र केंद्रीय पोलीस दलात अधिकारी आहेत, त्यांची बदली झाली आहे, घरातले फर्निचर स्वस्तात द्यायचे आहे. फ्रीज, सोफा, एसी, सगळ्याचे फोटो. एका विद्यार्थिनीने "सर सांगतायत म्हणजे खरेच असणार" म्हणून पैसे पाठवले. तिने मला फोन केला तो सामान कधी येणार हे विचारायला. गुरुजी म्हणून पस्तीस वर्षांत जे नाव कमावले ते कुणी तरी असे वापरले याचा राग पैशापेक्षा जास्त आहे. असे झाले तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. मित्रयादी सगळ्यांना दिसेल अशी ठेवू नका. त्यांनी माझी यादी तिथूनच उचलली.

शनिवारपेठेची_नात

गुरुजी, वाचून वाईट वाटलं. त्या मुलीचे पैसे मिळाले का?

निवृत्त_गुरुजी

थोडे गोठवले गेले, बाकीचे गेले. मी देऊ केले, तिने घेतले नाहीत.

बावड्याचा_पोरगा

कसबा बावड्यात राहतो, गावाचा कचरा आमच्याच नाकासमोर येतो. झूमला, म्हणजे इथल्या कचरा डेपोला, आग लागली की खिडक्या बंद. तुम्ही खोकं उघडून मोकळे होता, आम्ही धूर घेतो, एवढंच सांगतो.

अजून एक. २०१९ चा पूर ओसरल्यावर नदीकडं गेलेलो. बाभळीच्या फांद्यांवर, माणसाच्या डोक्याच्याही वर, पिशव्या लटकलेल्या. गुटख्याच्या पुड्या, शांपूच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं. राज्यात बंदी २३ जून २०१८ पासून लागू, आणि हे पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमधलं. वेफर्सची पाकिटं कोण उचलत नाही बघा, प्लॅस्टिक आणि चंदेरी थर एकमेकाला चिकटलेले असतात, वेगळे होत नाहीत. भंगारवाल्यानं घेतली असती तर आमच्या गल्लीतल्या पोरांनी नदीत एक ठेवली नसती.

आंबेवाडी_पूरग्रस्त

पुराचं निघालंय तर दुसरी बाजू पण लिहितो. त्याच पुरात हायवे शिरोलीजवळ बंद, लाइट नाही, आणि आम्ही माडीवर अडकलेलो. पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकेशन टाकलं म्हणून बोट आली. आजीला मांडीवर घेऊन बसलो होतो, तिचं औषध संपलं होतं. त्यामुळं फुकटच्या ॲपला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. मात्र त्याच ग्रुपवर "राधानगरीचं धरण फुटलं" असा मेसेजही आला होता. स्वयंचलित दरवाजे उघडले होते, धरण ठणठणीत. पण तेवढ्यात शेजारच्या काकांची बीपीची गोळी डबल झाली.

तांबडापांढरा

जून २०२३ मधे मोबाइलवरच्या स्टेटसवरून गावात राडा झाला आणि नेट बंद, तेव्हा आमच्या टपरीवर यूपीआय चालेना. चहाची उधारी खडूनं पत्र्यावर लिहिली. स्टेटस टाकणाऱ्याला फुकट, आमचा गल्ला गेला.

गुऱ्हाळ_करवीर

गुळाचं बघा. आधी तीस किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, कापड गुंडाळायचं, वर बारदान, टेम्पोत टाकला की मार्केट यार्डात सौद्याला. आता गिऱ्हाइकाला एक किलोची वडी पायजे, त्याला प्लॅस्टिक, त्यावर रंगीत बॉक्स, बॉक्सवर उसाचं चित्र आणि हसरा शेतकरी. तो शेतकरी कोण हाय मला माहीत न्हाई, आमच्यातला कोण एवढा हसत न्हाई. काहिलीपुढं उभा राहणारा गुळव्या तोच, चुलवाण तेच, ऊस तोच. दुकानात भाव बघितला तर वाढलेला, यार्डात बघितला तर आहे तिथंच. मधला पैसा हसऱ्या शेतकऱ्याकडं गेला म्हणायचा.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

गुऱ्हाळवाले दादा, काकवी मिळेल का? घरची बाटली आणते

गुऱ्हाळ_करवीर

या की. काचेची आणा, गरम असती. दुपारच्या आधी या, नंतर काहील उतरलेली असती.

सासूबाईंची_सून

तुम्ही सगळे पॅकिंग टाकता? आमच्याकडे काही टाकत नाहीत. श्रीखंडाचे डबे एवढे आहेत की फ्रीजमध्ये कुठलाही उघडा, श्रीखंड नसतंच. एकात कोथिंबीर, एकात आलं-लसूण, एकात विरजण. पाहुण्यांचा मुलगा परवा मोठ्या आशेनं उघडून बसला, आत शिळी आमटी. रडला हो बिचारा.

हिंजवडीतली_कोल्हापूरकर

आमच्याकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सुईदोरा. सेम रडणं.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

विषय निघालाय म्हणून विचारते, दुधाच्या पिशव्या कुणी घेतं का? गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर भांडं घेऊन जाणं रोज जमत नाही, सकाळची शाळेची गडबड. पोतंभर साठल्यात.

मंगळवारपेठ_कॉर्नर

भंगारवाला घेतो ताई, पण धुऊन, वाळवून, चपट्या करून. वास येणाऱ्या घेत नाही. आणि कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो नखाएवढा तुकडा गटारात जातो आणि मग कुणालाच सापडत नाही.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

धन्यवाद काका. आणि थर्माकोल?

मंगळवारपेठ_कॉर्नर

ते विचारू नका. फ्रीजबरोबर आलेला अजून माळ्यावर आहे. फ्रीज बदलून झाला.